डिझेलमधलं सल्फर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंधन तपासणाऱ्या प्रयोगशाळेत माझी उभी नोकरी झाली. त्यामुळे लग्नाच्या पंगतीतसुद्धा कोणीतरी शेजारी सरकून विचारतंच, "अहो, ते बीएस-६ डिझेल पातळ असतं म्हणे, पंप खातं म्हणे, खरं का?" (बीएस म्हणजे भारत स्टेज, गाडीच्या धुरासाठीच्या सरकारी नियमांचे टप्पे; आकडा मोठा तितका नियम कडक.) विचारणारे कधी ट्रकमालक, कधी फिटर, कधी ट्रॅक्टरवाले, तर कधी नवी डिझेल एसयूव्ही घेऊन पस्तावलेला एखादा भाचा. तीच उत्तरं किती वेळा द्यायची, म्हणून एकदाची लिहून काढतोय. प्रश्न जसे येतात तसेच ठेवलेत.

डिझेलमध्ये सल्फर येतं कुठून? कंपन्या घालतात का?

कोणी घालत नाही. सल्फर म्हणजे आपलं गंधक, ते जमिनीतूनच येतं. ज्या सूक्ष्म जीवांच्या अवशेषांपासून कच्चं तेल बनलं त्यांच्यातलं आणि आसपासच्या खडकांतलं गंधक त्या तेलात उतरलेलं असतं. प्रत्येक तेलक्षेत्राचं प्रमाण वेगळं. आपल्या मुंबई हायचं तेल या बाबतीत सोवळं आहे, त्यात गंधक फार थोडं. आखातातून येणाऱ्या बऱ्याच तेलांत मात्र ते दीड ते तीन टक्क्यांच्या घरात असतं. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८० टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं, त्यामुळे गंधक काढणं रिफायनरीला चुकत नाही.

पीपीएम म्हणजे नेमकं किती?

दहा लाख भागांत किती भाग, ते. १० पीपीएम म्हणजे एक टन डिझेलात १० ग्रॅम. पण असं सांगून कोणाला काही दिसत नाही, म्हणून मी टाकीचा हिशेब सांगतो.

साठ लिटरची टाकी घ्या. त्यात साधारण पन्नास किलो डिझेल मावतं. १९९६ च्या आधी आपल्याकडे डिझेलात १ टक्का म्हणजे १०,००० पीपीएमपर्यंत सल्फर चालायचं. म्हणजे त्या एका टाकीत अर्धा किलोपर्यंत गंधक! किराणा दुकानातून पुडीत बांधून आणावं एवढं. ५०० पीपीएमच्या काळात ते २५ ग्रॅमवर आलं, ३५० ला साडेसतरा, ५० ला अडीच ग्रॅम. आज १० पीपीएमला त्याच टाकीत अर्धा ग्रॅम उरतं. अर्धा किलोचा अर्धा ग्रॅम झाला, म्हणजे हजारावा हिस्सा, आणि हे व्हायला साधारण चोवीस वर्षं लागली.

अडीच ग्रॅमचा अर्धा ग्रॅम केल्याने काय मोठा फरक पडतो? ५० पीपीएम पुरेसं नव्हतं का?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण सल्फरच्या नियमाबद्दलचा मोठा गैरसमज याच्यातच दडलेला आहे. लोकांना वाटतं, हवेत गंधकाचा धूर कमी व्हावा एवढ्यासाठी हा आकडा खाली आणला. सुरुवातीच्या टप्प्यांत ते खरं होतं. सिलिंडरमध्ये सल्फर जळून त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो, एक-दोन टक्के भाग थेट सल्फेट होऊन धुराच्या कणांत मिसळतो, आणि बाहेर पडलेल्या वायूचेही पुढे हवेत बारीक कण बनतात. १०,००० वरून ५०० वर येताना हा सरळ फायदा झाला.

५० वरून १० वर येण्याचं कारण वेगळं आहे. तो आकडा सायलेन्सरसाठी आहे.

नव्या डिझेल गाडीचा सायलेन्सर म्हणजे एक छोटा रासायनिक कारखानाच. आधी ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट म्हणजे धुरातले वायू जाळायला मदत करणारा उत्प्रेरक, मग काजळी अडवणारा फिल्टर म्हणजे आपला डीपीएफ, आणि मोठ्या गाड्यांत त्यापुढे युरियाचं पाणी फवारून नायट्रोजनचे ऑक्साइड मोडणारी एससीआर यंत्रणा. या सगळ्यांचं काम चालतं प्लॅटिनम, पॅलेडियम, तांब्याचं झिओलाइट अशा महागड्या पदार्थांच्या पातळ थरावर. सल्फर जाऊन नेमकं त्याच थरावर ठाण मांडतं. ज्या जागेवर काजळी नाहीतर नायट्रोजन ऑक्साइड यायला हवं ती जागा अडवून बसतं, उठता उठत नाही. काही छोट्या गाड्यांत एससीआरऐवजी नायट्रोजन ऑक्साइड धरून ठेवणारा सापळा असतो. त्याला तर नायट्रोजनपेक्षा गंधकच प्यारं; एकदा धरलं की सोडवायला ६०० अंशांच्या वर तापवावं लागतं.

भरीस भर म्हणजे ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट सल्फर डायऑक्साइडचा ट्रायऑक्साइड करतो आणि ओलाव्याशी मिळून त्याचा गंधकाम्ल होतो. म्हणजे सल्फरवालं डिझेल जाळून पुढे चांगला कॅटॅलिस्ट बसवला, तर सल्फेटचे कण कमी होण्याऐवजी वाढू शकतात.

म्हणून इंधन आणि गाडी यांचे नियम जोडीनेच बदलावे लागतात. लहान डिझेल गाडीला बीएस-४ मध्ये किलोमीटरला ०.०२५ ग्रॅम कण सोडायची मुभा होती, बीएस-६ मध्ये ती ०.००४५ झाली. हा आकडा फिल्टरशिवाय गाठणं जवळपास अशक्य, आणि वर्षानुवर्षं सल्फरवालं डिझेल प्यायलेल्या गाडीत फिल्टरची यंत्रणा नीट टिकत नाही.

हे नियम ठरवतं कोण?

बरेच जण. डिझेल कसं असावं याचं मानक भारतीय मानक ब्यूरोचं, आयएस १४६०. गाडीने किती धूर सोडावा हे रस्ते वाहतूक मंत्रालय १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतून ठरवतं. तसं इंधन देशभर पोचवण्याची जबाबदारी पेट्रोलियम मंत्रालयाची. पंपावरच्या भेसळीवर कारवाई होते ती जीवनावश्यक वस्तू कायद्याखालच्या २००५ च्या आदेशाने. आणि यातलं कोणी ढिलं पडलं की कोर्ट. या विषयाचा इतिहास पाहिलात तर निम्म्या ढकला कोर्टानेच दिलेल्या दिसतील.

१०,००० वरून १० पर्यंतचा प्रवास कसा झाला?

१९९६ च्या एप्रिलमध्ये चार महानगरं आणि ताजमहालाच्या परिसरात ०.५ टक्के. २००० साली देशभर ०.२५ टक्के. त्याच सुमारास दिल्लीत सुप्रीम कोर्टासमोर मोठा वाद रंगला होता: बस सीएनजीवर न्यायच्या की 'स्वच्छ डिझेल'वर चालू द्यायच्या? त्या वेळी ज्याला स्वच्छ म्हणत होते ते ५०० पीपीएमचं डिझेल होतं! आजच्या मोजमापाने पन्नास पट घाण. कोर्ट सीएनजीवर ठाम राहिलं आणि ते बरंच झालं असं माझं मत आहे.

मुंबईतही तेव्हा असंच चाललं होतं. धुराने हैराण झालेल्या रहिवाशांच्या मंचाने उच्च न्यायालयात जनहित याचिका लावली होती, आणि कोर्टाने तत्कालीन परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मुंबईला ५०० पीपीएमचं डिझेल २००१ मध्ये मिळालं, दिल्लीच्या मागोमाग.

पण शहरागणिक असं ठिगळ लावत किती दिवस चालणार? म्हणून केंद्राने २००१ साली डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २००२ मध्ये अहवाल आला, २००३ मध्ये सरकारने वाहन-इंधन धोरण म्हणून तो स्वीकारला. त्यातून पुढच्या तारखा ठरल्या: २००५ मध्ये देशभर ५०० आणि मोठ्या शहरांत ३५०, मग २०१० मध्ये देशभर ३५० आणि तेरा शहरांत ५०.

ही दोन तऱ्हांची व्यवस्था रिफायनऱ्यांच्या दृष्टीने समजण्यासारखी होती, सगळ्यांना एकदम जमलं नसतं. रस्त्यावर मात्र तिचे हाल झाले. तेरा शहरांत महाराष्ट्रातली तीन होती: मुंबई, पुणे आणि सोलापूर. म्हणजे पुण्यात ५० पीपीएम आणि साताऱ्यात ३५०. मालट्रक काय फक्त पुण्यात डिझेल भरतो का? तो जिथे स्वस्त तिथे भरतो. त्यामुळे लांब पल्ल्याच्या ट्रकना बीएस-४ लावून उपयोगच नव्हता, ते बीएस-३ वरच राहिले. शिवाय शहरातला माणूस गाडी घ्यायचा शहरात आणि पासिंग करून आणायचा शेजारच्या जिल्ह्यातून, हेही सर्रास चालायचं.

त्यातला एक प्रसंग माझ्या चांगला लक्षात आहे. ५० पीपीएमचं डिझेल २०१५ पासून टप्प्याटप्प्याने पसरवलं गेलं. एप्रिल २०१६ च्या टप्प्यात संपूर्ण गोवा आला. महाराष्ट्रातून मुंबई, ठाणे, पुणे एवढेच. म्हणजे वर्षभर बांद्याला ३५० पीपीएम आणि पत्रादेवीचा नाका ओलांडला की ५०. मध्ये किती अंतर, तर चहा गार व्हायच्या आत पोचाल एवढं. १ एप्रिल २०१७ ला अखेर सगळा देश ५० वर आला.

तेव्हा बीएस-३ गाड्यांवर बंदी आली होती, तीच का ही?

तीच. २९ मार्च २०१७ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की १ एप्रिलपासून बीएस-३ गाडी विकायचीही नाही आणि तिची नोंदणीही करायची नाही. पुढचे दोन दिवस दुचाकींच्या शोरूमबाहेर सवलतींसाठी जी झुंबड उडाली ती बहुतेकांनी पाहिली असेल. कोर्टाचं म्हणणं सरळ होतं: रिफायनऱ्यांनी हजारो कोटी घालून स्वच्छ इंधन दिलं, आता जुन्या गाड्या खपवू देणार नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये बीएस-४ बद्दलही तसंच बजावलं, १ एप्रिल २०२० नंतर विक्री नाही.

बीएस-५ कुठे गेलं?

गाळलं. सरकारने नेमलेल्या सौमित्र चौधरी समितीने २०१४ मध्ये बीएस-६ साठी २०२४ साल सुचवलं होतं, मध्ये बीएस-५. पण बीएस-५ आणि बीएस-६ दोन्हींना डिझेल लागतं ते १० पीपीएमचंच. म्हणजे रिफायनरीचा खर्च एकदाच होणार होता. मग मधली पायरी ठेवून गाड्यांना चार वर्षांची सूट कशाला? जानेवारी २०१६ मध्ये सरकारने सरळ उडी मारायचं जाहीर केलं. युरोपला ५० वरून १० वर यायला २००५ ते २००९ लागली होती आणि युरो-६ तर २०१४ मध्ये आलं. आपण ५० देशभर पोचल्यावर तीन वर्षांत १० वर गेलो. दिल्लीत तर हिवाळ्यातल्या धुरक्यामुळे हे डिझेल दोन वर्षं आधी, १ एप्रिल २०१८ लाच आलं. सरकारी कामाला नावं ठेवायची सवय मलाही आहे, पण या एका बाबतीत टोपी काढावी.

रिफायनरीत सल्फर काढतात तरी कसं? गाळून?

गाळून निघत नाही, कारण ते साखरेसारखं विरघळलेलंही नसतं. ते तेलाच्या रेणूत कार्बनला जोडलेलं असतं. ते तोडायला हायड्रोजन लागतो. डिझेल तापवून ३२० ते ४०० अंशांपर्यंत नेतात, हायड्रोजन दाबाखाली सोडतात आणि हे मिश्रण कोबाल्ट-मॉलिब्डेनम किंवा निकेल-मॉलिब्डेनमच्या दाण्यांनी भरलेल्या उंच जाड भांड्यातून खाली उतरवतात. हायड्रोजन सल्फरला ओढून घेतो, त्याचा हायड्रोजन सल्फाइड होतो, डिझेल मोकळं होतं. मुंबईत माहुलला भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम या दोघांच्या रिफायनऱ्या आहेत, तिथे हे चालतं. चेंबूरच्या पुलावरून जाताना जे उंच खांब दिसतात त्यांच्या गर्दीतच कुठेतरी ही भांडी उभी आहेत.

सुरुवातीचं सल्फर सहज निघतं. खरी मारामारी शेवटच्या थोड्यासाठी असते. काही रेणूंत सल्फर मध्ये बसलेलं आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन मिथाइल गट, दारात दोन दांडगे पहारेकरी उभे असावेत तसे. दाण्याच्या पृष्ठभागाला सल्फरपर्यंत पोचूच देत नाहीत. ५०० पीपीएमला या रेणूंना हात लावला नाही तरी चालायचं. १० ला चालत नाही. मग दाब वाढवा, हायड्रोजन वाढवा, नवे दाणे आणा, दुसरं भांडं उभारा. सरकारी तेल कंपन्यांचे यात तीस हजार कोटींच्या आगेमागे रुपये गेले ते बहुतांशी या पहारेकऱ्यांपायी.

आणि हायड्रोजन काही फुकट येत नाही. तो नैसर्गिक वायू नाहीतर नाफ्थापासून बनवतात, त्यात कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

काढलेलं गंधक कुठे जातं?

हायड्रोजन सल्फाइड अतिशय विषारी. सडलेल्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो, म्हणून जास्त धोका. तो रिफायनरीतच पकडतात. एक तृतीयांश जाळून सल्फर डायऑक्साइड करतात, उरलेल्याशी त्याची गाठ घालून देतात, की हाती येतं पिवळंधमक गंधक. बरंचसं गंधकाम्लासाठी आणि तिथून खतांकडे जातं. साखर कारखान्यात उसाचा रस स्वच्छ करायला गंधक जाळतात, नाशिककडचे बागायतदार द्राक्षांवरच्या भुरीला गंधक मारतात. हवेत गेलं असतं तर छातीत बसलं असतं, तेच आता गोणीत भरून विकलं जातं.

नवं डिझेल कोरडं असतं, जुन्या गाडीचा पंप खातं, हे खरं का?

अर्धं खरं, आणि तेही आता जुनं झालं.

सल्फर स्वतः वंगण नाही. पण ते काढताना हायड्रोजन डिझेलमधले इतर काही पदार्थही मोडतो, आणि पंपाच्या धातूवर पातळ थर धरण्याचं काम ते पदार्थ करत असतात. ते गेले की डिझेल खरंच कोरडं पडतं. स्वीडनमध्ये नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हे पहिल्यांदा अंगलट आलं, नवं कमी सल्फरचं डिझेल आलं आणि पंप भराभर घासून निकामी व्हायला लागले. तेव्हापासून डिझेलात वंगणासाठी वेगळं रसायन मिसळतात आणि वंगणाची परीक्षा मानकातच आली.

ती परीक्षा बघण्यासारखी असते. लहानशी पोलादी गोळी ६० अंशांच्या डिझेलात बुडालेल्या चकतीवर सव्वा तास घासत ठेवायची, मग गोळीवर पडलेला चरा सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा. ४६० मायक्रॉनच्या आत हवा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी. मी कितीतरी गोळ्या पाहिल्या. चांगल्या डिझेलमधल्या गोळीवर नखाने टेकवल्यासारखी बारीक चकाकी असते, बस.

तेव्हा तुमच्या बीएस-३, बीएस-४ गाडीला आजचं डिझेल बिनधास्त चालतं. उलट आम्ल कमी झाल्याने इंजिन ऑइल जास्त टिकतं. पंप खराब झालाच, तर आधी पाणी आणि कचरा बघा. डिझेलमध्ये ऑइलचं झाकण ओतायची जी पद्धत काही फिटर सांगतात ती कृपा करून बीएस-६ गाडीत करू नका, त्या ऑइलची राख फिल्टरमध्ये जाऊन बसते आणि ती जळत नाही.

बीएस-६ गाडीत चुकून जुनं डिझेल गेलं तर?

देशात पंपावर आता जुनं डिझेल मिळतच नाही. भीती जुन्या डिझेलची नाही, भेसळीची आहे.

थोडंसं रॉकेल मिसळलं तर एवढं काय बिघडतं?

हिशेब मांडू. रेशनच्या रॉकेलात मानकाप्रमाणे ०.२५ टक्के म्हणजे २,५०० पीपीएमपर्यंत सल्फर चालतं. शंभर लिटर डिझेलात पाच लिटर असं रॉकेल घाला, मिश्रणात एकट्या रॉकेलामुळे साधारण १२० पीपीएम आलं. बीएस-६ ची मर्यादा बारा पट ओलांडली, आणि वासावरून, रंगावरून गिऱ्हाइकाला कळणारसुद्धा नाही.

भेसळ जाणूनबुजूनच व्हायला हवी असंही नाही. टँकरचा चार हजार लिटरचा कप्पा घ्या. आधीच्या फेरीला त्यात रॉकेल होतं, तळाशी वीस लिटर राहून गेलं, वर डिझेल भरलं. वीस लिटर म्हणजे अर्धा टक्का. त्याने साडेबारा पीपीएम वाढतं. एवढ्या एका आळसापायी अख्खा कप्पा नापास. ५०० पीपीएमच्या काळात हे वीस लिटर कोणाच्या खिजगणतीत नव्हतं. म्हणूनच मर्यादा १० असली तरी रिफायनरी त्याच्या आत थोडी जागा सोडूनच माल बाहेर काढते. मुंबईहून मनमाडला तेल नळाने येतं, त्याच नळातून पाळीपाळीने वेगवेगळी उत्पादनं ढकलली जातात, आणि दोन उत्पादनांच्या सीमेवर जी सरमिसळ होते ती बाजूला काढावी लागते. ते काम करणाऱ्यांची डुलकी आता महागात पडते.

मनमाडचं नाव निघालं की एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. २५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ तेलाची भेसळ डोळ्यांनी पाहिली, तिथे थांबले, आणि त्यांना भर दिवसा जिवंत जाळलं गेलं. आज मी आकड्यांचा हिशेब सांगतोय, पण त्या काळात पाच लिटर रॉकेलच्या मागे किती पैसा फिरत होता, याची कल्पना त्या एका दिवसावरून यावी. रेशनचं रॉकेल त्यानंतर बरंच आटलं, म्हणून तो प्रकार कमी झाला.

आणि हायवेला मिळणारं स्वस्त 'बायोडिझेल'?

खरं बायोडिझेल वनस्पती तेलापासून, वापरलेल्या तळणीच्या तेलापासून बनतं, त्यात सल्फर नगण्य. पण पाटी बायोडिझेलची आणि टाकीत कुठलंतरी कारखान्याचं तेल, असे अड्डे धाडीत सापडलेले आहेत. लिटरला पाच-दहा रुपये वाचवायला गेलात तर डीपीएफ आणि इंजेक्टरच्या बिलात त्याच्या कित्येक पट घालवाल.

पंपावर मला सल्फर तपासता येईल का?

नाही. हे स्पष्ट सांगतो, कारण मोबाइलवर 'डिझेल शुद्ध आहे का ते असं ओळखा' असे व्हिडिओ फिरतात. हायड्रोमीटरने डेन्सिटी कळते, सल्फर कळत नाही. दहा पीपीएमचं आणि पन्नासचं डिझेल हायड्रोमीटरला अगदी सारखं. फिल्टर पेपरची परीक्षा पेट्रोलची आहे, डिझेलवर करून काही उपयोग नाही. रंग तर रिफायनरीगणिक, बॅचगणिक बदलतो.

सल्फर मोजतात प्रयोगशाळेतल्या यंत्राने. एका पद्धतीत नमुना जाळून त्यातल्या सल्फर डायऑक्साइडवर अतिनील प्रकाश टाकतात, तो किती चमकतो त्यावरून प्रमाण काढतात. दुसरी क्ष-किरणांची. यात नमुना घेणाऱ्याचा हात फार महत्त्वाचा. एकदा आमच्याकडे एका ठिकाणाहून आलेला नमुना मर्यादेच्या तिप्पट दाखवत होता. पुन्हा केला, तोच आकडा. अखेर कळलं की नमुना ज्या डब्यात आणला तो आधी जुन्या ऑइलला वापरलेला होता आणि 'स्वच्छ पुसून' घेतलेला होता. पुसून चालत नाही. या पातळीला डबा नवाच लागतो.

तरी डेन्सिटी बघून घ्याच. पंपावर रोजची नोंद लावलेली असते, टँकरच्या चलनावरच्या आकड्याशी जुळवून बघा. १५ अंशांवर आणलेल्या आकड्यात घनमीटरमागे तीन किलोपेक्षा जास्त फरक असेल तर काहीतरी पाणी मुरतंय.

डीपीएफचा दिवा सारखा लागतो. डिझेल खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. दिवा लागतो तो गाडी चालवण्याच्या तऱ्हेमुळे. दोन किलोमीटरवर ऑफिस, ट्रॅफिकमध्ये रांगत जायचं, संध्याकाळी रांगत यायचं. फिल्टरला साचलेली काजळी जाळण्याएवढी उष्णताच मिळत नाही. माझ्या भाच्याचं हेच झालं. शोरूमवाल्याने विकताना विचारलं नाही की रोज किती चालवणार, आणि यानेही सांगितलं नाही. आठवड्यातून एकदा हायवेला पंधरा-वीस मिनिटं एका वेगाने चालवली की सहसा विझतो. तरीही विझला नाही, धूर दिसला, किंवा ठरावीक पंपावर भरल्यावरच लागत असेल, तर मग डिझेलवर संशय घ्या.

महागडं प्रीमियम डिझेल घेतलं तर सल्फर कमी असतं का?

मर्यादा दोघांना तीच, १०. प्रीमियममध्ये इंजेक्टर साफ ठेवणारी वगैरे रसायनं जास्त असतात. सल्फरसाठी घेणार असाल तर पैसे वाचवा.

या बदलाने डिझेल महाग झालं का?

थोडं झालं असणार, पण शोधून सापडणार नाही. बीएस-६ आलं १ एप्रिल २०२० ला, म्हणजे लॉकडाऊन लागल्यावर आठवड्याभराने. कच्चं तेल कोसळलेलं, रस्ते ओस, आणि केंद्राने मार्चमध्ये डिझेलवर लिटरला ३ रुपये आणि मे महिन्यात १३ रुपये उत्पादन शुल्क वाढवलं. त्या सोळा रुपयांच्या ढिगाऱ्याखाली सल्फरचा खर्च कुठे गेला ते कोण बघतंय!

ट्रॅक्टर, जनरेटर, होड्यांना वेगळं डिझेल मिळतं का?

पंपावरचं सगळं एकच. शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरलाही तेच १० पीपीएमचं. समुद्रातल्या मोठ्या जहाजांचं इंधन मात्र वेगळं. तिथे २०२० पासून जगभर ०.५ टक्क्याची मर्यादा आली, आधी ३.५ टक्के होती. म्हणजे आजच्या जहाजाची मर्यादासुद्धा ट्रकच्या पाचशे पट.

मग हवा सुधारली का?

सल्फर डायऑक्साइडपुरतं म्हणाल तर बहुतेक शहरांत तो मर्यादेच्या बराच आत असतो. पण हवा म्हणजे फक्त तेवढंच नाही. रस्त्यावर अजून बीएस-३ चे ट्रक आहेत, त्यांना कितीही स्वच्छ डिझेल पाजलं तरी सायलेन्सरमध्ये फिल्टर नसल्याने काजळी बाहेर येणारच. मुंबई-पुण्यात बांधकामाची आणि रस्त्याची धूळ वेगळीच.

आणि देशात सगळ्यात जास्त सल्फर डायऑक्साइड सोडतात ती कोळशावरची वीजकेंद्रं. त्यांना गंधक धुऊन काढायची यंत्रणा बसवण्याचा नियम डिसेंबर २०१५ चा, डिझेलच्या उडीच्या निर्णयाआधी महिनाभराचा. डिझेलवाल्यांनी तारीख पाळली. वीजकेंद्रांच्या तारखा पुढे पुढे जात राहिल्या, आणि जुलै २०२५ मध्ये त्यातल्या बहुतेकांना यंत्रणेतून सूटच मिळाली. ट्रकवाला मला विचारतो, "साहेब, आमच्याच मागे का?" तेव्हा माझ्याकडे फारसं उत्तर नसतं.

भेसळीचा संशय आला तर करायचं काय?

बिल घ्या, आणि ते जपा. बिलाशिवाय तुम्ही तिथे डिझेल भरलं हेच सिद्ध होत नाही. पंपावर तक्रारवही असते, ती मागा, आणि त्या तेलकंपनीच्या विक्री अधिकाऱ्याचा नंबर पंपावर लावलेला असतो त्यावर लगेच कळवा. दर्जाबद्दल तक्रार जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांकडे, मुंबईत शिधावाटप नियंत्रकांकडे. माप कमी असेल तर वैधमापन खात्याकडे, ते वेगळं खातं आहे, तिथे दर्जाची तक्रार घेऊन गेलात तर हेलपाटा पडेल.

गाडीच्या टाकीतून स्वतः बाटलीत काढलेला नमुना तुमच्या फिटरला दाखवायला ठीक, पण कारवाईसाठी तो धरत नाहीत. अधिकृत नमुना पंपाच्या नोझलमधून, अधिकाऱ्यासमोर, नव्या ॲल्युमिनियमच्या डब्यात, सील करून घेतला जातो आणि त्याची एक प्रत पंपवाल्याकडेही राहते. म्हणून उशीर करू नका. जमिनीखालच्या टाकीत नवा टँकर रिकामा झाला की तुमच्या संशयाचं डिझेल त्यात मिसळून गेलेलं असतं, आणि आमच्यासारख्याच्या टेबलावर आलेला नमुना मग अगदी पास होतो.